पुंजारामची खोट्याची वही

पुंजाराम माझ्या नजरेत प्रथम भरला तो त्याच्या कंजूषपणामुळे. हा कंजूषपणा शब्दांचा होता.

सन १८६३ च्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी अमरावतीच्या मराठी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळा नसेल त्या दिवशी गावाभोवतीच्या परकोटाबाहेरच्या कापसाच्या बाजारात हिंडायची मला सवय लागली होती. त्या दिवशी बार्लो नावाच्या साहेबाच्या वखारीसमोर गर्दी होती. साहेब एका शेतकऱ्यावर ओरडत होता. एक विडा लावून तो खाऊनही झाला असता, इतका वेळ तो ओरडला. दोघांच्या मधे एक किडकिडीत तरुण उभा होता. त्याच्या खांद्यावर उपरणं होतं आणि त्या उपरण्याच्या टोकाला तो एकसारख्या गाठी मारत होता आणि सोडत होता. साहेब दम घ्यायला थांबला. सगळे त्या तरुणाकडे पाहू लागले.

तो म्हणाला, "साहेब नाराज हाये. उद्या ये."

शेतकऱ्यानं विचारलं, "एवढंच बोलला का गा तो?"

"बाकीचं तुह्या कामाचं नाई."

लोक हसले. शेतकरीही हसला आणि गाडी वळवून गेला. हाच पुंजाराम, साहेबाचा दुभाषी. पुढे ओळख झाल्यावर मी त्याला या संक्षेपाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, दोघायचं डोकं एका वक्ती तापलं तर बाजार बंद पडते. मी मंधात पाणी टाकतो."

त्याचे वडील नत्थुजी जातीनं माळी. नाल्याच्या काठी त्यांचा मळा होता आणि कँपातल्या साहेब लोकांच्या बंगल्यांवर त्यांची भाजी जायची. पुंजाराम मिसरूड फुटायच्या आधीपासून टोपली घेऊन त्या बंगल्यांच्या मागच्या दारी उभा राहत आला होता. इंग्रजी तो तिथं शिकला, म्हणजे आधी भाज्यांची नावं आणि मग ओरडा. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं. मला वाचता यायचं, पण साहेब बोलायला लागला की माझे कान बंद व्हायचे. पुंजारामला इंग्रजी एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि एक शब्द चुकत नव्हता.

त्या वर्षांत अमरावती अशी होती की सगळं गाव उभ्यानं जेवत होतं. अमेरिकेत लढाई चालू होती, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाकडे सगळ्या जगाचे डोळे लागले होते. टपाल आलं की भाव बदलायचा. सकाळी विकणारा दुपारी पस्तावायचा आणि दुपारी थांबलेला संध्याकाळी. कोणी कोणाचं ऐकून घेईना. कापसात पाणी मारणारे निघाले, सरकी मिसळणारे निघाले, माती घालणारे निघाले. घेणारेही काही धुतले तांदूळ नव्हते. तराजूच्या काट्याला त्या दोन वर्षांत जितकी बोटं लागली तितकी तुळशीलाही लागली नसतील.

अशात एका दुपारी पुंजाराम शाळेत आला. मुलं पाढे म्हणत होती. तो बसला नाही, तो कधीच बसत नसे. खांबाला एक पाय टेकवून म्हणाला, "मास्तर, एक वही करून द्या. मी सांगतो ते शब्द लिवा."

"कसले शब्द?"

"खोट्याचे. साहेबापाशी खोट्याले लई शब्द हायेत. मले सगळे येतात, पण कोणता कधी काढायचा ते समजून नाई राह्यलं."

मी दोऱ्यानं शिवून एक वही केली. तो सांगत गेला, मी बाळबोधीत लिहीत गेलो. लाय. फॉल्स. फिब. ट्रिक. चीट. हम्बग. स्विंडल. फ्रॉड. डिसीट. शाळेत एक जाडजूड कोश होता. त्यात पाहून मी प्रत्येकापुढे अर्थ लिहायला घेतला, पण दोन-तीन शब्दांतच अडखळलो. सगळीकडे खोटेपणा, लबाडी, कपट, फसवणूक आणि पुन्हा खोटेपणा.

पुंजाराम म्हणाला, "तसं नका लिवू. मी सांगतो तसं लिवा. कोणत्या शब्दाच्या मागून काय येते, ते लिवा."

तेव्हा त्याच्या सांगण्यावरून वही अशी भरली. फिब हा शब्द मडमेनं आपल्या पोरीला लावला होता. पोरीनं मुरंबा खाल्ला आणि नाही म्हणाली. या शब्दाच्या मागून हसू येतं. हम्बग हा साहेब दुसऱ्या साहेबाला म्हणतो, त्याच्या पाठीमागे, आणि रात्री दोघं एका टेबलावर जेवतात. स्विंडल त्यानं अकोल्याच्या बाजारात मुंबईच्या दलालांबद्दल काढला होता, त्यामागून लांब लांब पत्रं गेली. ट्रिक गाडीवाल्यांना, मागून थप्पड. फ्रॉड म्हटलं की कागद आणि शिपाई. आणि लाय?

"लाय समोरच्याले," पुंजाराम म्हणाला. "समोर धोतरवाला उभा असला का पयला हाच शब्द. त्यानं तोंड उघडाच्या आधी."

"आपल्याकडेही शब्द कमी नाहीत," मी म्हटलं. "थाप आहे, दगा आहे, चालबाजी आहे, झूट आहे."

"हायेत ना. पण आपून काम पाहून शब्द काढतो. ते माणूस पाहून काढतात."

हे पुरतं खरं नव्हतं. पाटलाच्या मुलाला थाप आणि महाराच्या मुलाला लबाडी, असे शब्द माझ्या वर्गात एकाच दिवशी, एकाच गोष्टीवरून लावलेले मी ऐकले होते. पण मी त्याला अडवलं नाही. तो इतक्या तळमळीनं सांगत होता की त्याचं उपरणं गाठींनी हातभर आखूड झालं होतं.

वही तो घेऊन गेला. आठवड्या-पंधरा दिवसांनी यायचा, एखादा शब्द भरायचा, एखाद्याचा मजकूर बदलून घ्यायचा. मला वाटायचं, याला नाद लागला आहे. नाद म्हणून मला ते आवडायचंही. ही त्याच्या पायाखालची जमीन चाचपण्याची रीत होती, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या मार्गशीर्षात पाण्याच्या कापसाचा बोभाटा इतका झाला की बाजाराच्या पंचांनी आणि बार्लोसाहेबानं मिळून दवंडी पिटवली. ज्या गाडीत ओला कापूस सापडेल, ती गाडी दिवस मावळताना बाजाराच्या तोंडाशी रिकामी करून कापूस जाळायचा, आणि त्या गावाची एकही गाडी त्या साली आत घ्यायची नाही. तोवर कोणी सापडलं नव्हतं. पंच अस्वस्थ झाले होते. दवंडी दिली म्हणजे एखाद्या गाडीचा कापूस जळायला हवा, असं काहीसं वातावरण होतं.

एक दिवस भर दुपारी पुंजाराम शाळेच्या दारात आला. धावत आला होता. मी वर्ग माझ्या सोबतीच्या मास्तरांवर सोपवून बाहेर गेलो.

"मास्तर, वही काढा," तो म्हणाला. वही त्याच्याच कमरेला होती. त्याच्या ध्यानात आलं, त्यानं ती माझ्या हातात कोंबली. "मी जे केलं त्याले याच्यातला कोणता शब्द लागते, पाहा."

"आधी काय केलंस ते सांग."

त्यानं सांगितलं ते असं. सकाळी कुऱ्ह्याकडच्या एका खेड्यातून पहिली गाडी आली होती. गाडीसोबत मैनाबाई होती आणि हाकायला तिचा दीर जानराव. तिचा नवरा सूर्यभान बैलाच्या लाथेनं पाय मोडून घरी पडला होता, म्हणून ती स्वतः आली. साहेबानं गाडीवर झाकलेलं चवाळं काढायला लावलं, वरच्या कापसात हात घातला आणि हात बाहेर काढून हुंगला. कापूस ओला होता आणि आंबूस वास येत होता.

मैनाबाईनं कोणी न विचारताच सांगितलं, "ते सीतादहीचं हाये."

वऱ्हाडातल्या वाचकाला हे सांगायला नको, पण माझं लिहिणं कोणी देशावरचं वाचलं तर त्याच्यासाठी सांगतो. पहिल्या वेचणीला बायका वावराच्या कोपऱ्यात दह्याभाताचा नैवेद्य करतात आणि तो कपाशीच्या झाडांवर शिंपडतात. कापूस दह्यासारखा पांढरा यावा, भातासारखा फुलावा म्हणून. याला सीतादही म्हणतात. मैनाबाईच्या गावी आणखी एक रीत होती. त्या झाडांचा पसाभर कापूस निराळा ठेवायचा, आणि गावची पहिली गाडी बाजाराला निघताना त्याच्यावर पुन्हा दहीभात आणि हळदकुंकू घालून तो गाडीच्या अगदी वर, चारी कोपऱ्यांना ठेवायचा. लक्ष्मी घरातून निघते ती उपाशी निघू नये.

साहेबानं पुंजारामला विचारलं, "काय म्हणते ही?"

"आणि मास्तर," पुंजाराम म्हणाला, "मले सांगताच आलं नाई. दही. भात. झाड जेवते. सारे साहेबाचे कारकून उभे होते. मले वाटलं हा हसन. मडमेले जाऊन सांगन, तेही हसन. मी म्हणलो, मिस्टेक हाये साहेब. दह्याचं गाडगं गाडीत होतं, ते चुकून सांडलं."

"मग?"

"साहेब मानला होता. खरंच मानला होता. चवाळं परत टाकाले सांगत होता. तेवढ्यात त्याच्या बोटाले शितं लागली. शिजेल भात. त्यानं आणखी पाह्यलं तर चारी कोपऱ्याले शितं, हळद, कुकू. त्यानं मले इचारलं, सांडलं तर चारी कोपऱ्याले बरोबर कसं सांडलं? मी उपरण्याले गाठी मारत राह्यलो. मंग तो तिच्याकडे पाहून म्हणे, लायर."

पुंजाराम खांबापासून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"तिनं तर खरं सांगतलं होतं, मास्तर. खोटं माह्या तोंडातून गेलं आन् शब्द तिले लागला. आता दिवस मावळता कापूस जाळतात. तिच्या गावच्या चाळीस गाड्या मांगून येऊन राह्यल्या, त्या परत जातीन. ते बाई गावात कोणत्या तोंडानं जाईन?"

"तिला ठाऊक आहे तू काय सांगितलंस ते?"

"नाई. तिले वाटते, साहेबाले देवाचं समजलं नाई."

मी त्याला म्हटलं, वही मिट आणि साहेबाकडे चल. तो म्हणाला, चलतो, पण आधी शब्द सांगा. तिथं जाऊन मी मिस्टेक म्हणलो तर तेही खोटंच. फिब म्हणलो तर तो हसन, माह्यावर हसला तर चालते, पण मंग गाडीचं मनावर घेणार नाई. फ्रॉड म्हणलो तर शिपाई येते. त्याची बोटं वहीच्या ओळींवरून फिरत होती. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणता शब्द कुठे आहे हे त्याला जागेवरून पाठ होतं. शेवटी मी म्हटलं, त्यानं तिला जो लावला तोच तू आपल्याकडे घे. तू तो आपल्यावर घेतल्याशिवाय तिच्यावरचा जाणार नाही.

तो पहिल्यांदाच स्थिर उभा राहिला. मग म्हणाला, "माही नौकरी जाईन."

"जाईल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वखारीपर्यंतचा रस्ता माझ्या अजून लक्षात आहे. गाड्यांची रांग दरवाजापर्यंत लागली होती. पुंजाराम दहा पावलं पुढे जायचा, परत माझ्याजवळ यायचा, पुन्हा पुढे जायचा. मधेच त्यानं विचारलं, "मास्तर, तुमी कधी देवाधर्माले लाजले का?" मी हो म्हटलं. मी खोटं बोललो नाही. नागपुरात शिकत असताना मी गंध पुसून शाळेत जात असे.

मैनाबाई गाडीच्या जुवावर बसली होती. पंचांचा माणूस पहाऱ्याला होता. बाजाराच्या तोंडाशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला दिसत होता. ती पुंजारामला म्हणाली, "काय रे बाप्पा, कुठी गेला होता तू? मी त्या गोऱ्याशी काय बोलू, त्याले ना तोंड ना कान."

पुंजाराम सरळ साहेबाच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. साहेब लिहीत होता. पुंजाराम इंग्रजीत बोलला, आणि त्या दिवशी मला त्याचा शब्दन् शब्द समजला, कारण तो फार सावकाश बोलत होता. खोटं मी बोललो. बाई खरं बोलली. ती म्हणाली, ही देवाची पूजा आहे, दही तिनं हातानं टाकलं. मला ते सांगायची लाज वाटली. लाय माझी आहे.

साहेबानं लेखणी ठेवली. "हेही तिनंच शिकवलं का?"

"तिला इंग्रजी येत नाही साहेब, आणि मी काय बोललो ते तिला अजून माहीत नाही."

साहेबानं लेखणी पुन्हा उचलली. तेव्हा पुंजारामनं जे म्हटलं ते त्यानं रस्त्यात ठरवलेलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. तो म्हणाला, "साहेब, पाणी मारणारा पोटात मारतो. वर कोरडं ठेवतो. हिनं ओलं वर ठेवलं, तुमचा हात पहिला जिथं पडतो तिथं. लपवायचं असतं तर वर कशाला ठेवलं असतं?"

साहेब उठला. गाडीपाशी जाऊन त्यानं जानरावला खुणावलं. जानरावनं खांद्यापर्यंत हात कापसात घातला आणि तळातून मूठ काढली. कोरडी होती. साहेबानं स्वतः दुसरीकडून काढली. तीही कोरडी. त्यानं गाडी अर्धी उपसायला लावली. आत सगळा कापूस कोरडा ठणठणीत होता. साहेबानं पंचांना बोलावून सांगितलं की ही गाडी आत घ्यावी, आणि या गावच्या बाकीच्या गाड्याही. मग पुंजारामकडे वळून त्यानं हात पुढे केला. पुंजारामनं कमरेची वखारीची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. साहेब आत गेला.

पुंजाराम तिथंच उभा राहिला. मला वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख झालं. तो म्हणाला, "मास्तर, त्यानं मले कोणताच शब्द नाई देल्ला."

मैनाबाई हे सगळं पाहत होती. तिनं विचारलं, "काय झालं, सांग ना सीधं." आणि पुंजारामनं तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. गाडग्याचं, सांडल्याचं, चुकून झाल्याचं. मला वाटलं, ती त्याचे उपकार मानेल. तिनं पदर खोचला.

"तुले कोनं सांगतलं होतं माह्या देवाले चूक म्हनाले?" ती म्हणाली. "कापूस जळाला असता तर जळाला असता. पुढच्या साली पुन्हा पेरलं असतं. मी पाच बायकाइले घेऊन, उपाशी राहून, सकाळच्या पाऱ्यात दही टाकलं, आन् तू म्हनतं सांडलं? तुह्या मायच्या हातून कधी सांडलं का बे?"

"चुकलं, माय."

"पुन्हा चुकलं म्हनते. चुकलं नाई, लाजला तू. भाजी विकाले लाजत नाई, धोतर नेसाले लाजत नाई, आन् दह्याले लाजला."

जानराव म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या ना, त्याची नौकरी गेली आपल्यापायी."

"त्याच्याच पायी गेली," मैनाबाई म्हणाली. पण मग तिनं वरच्या कापसातून बोटभर कापूस तोडला, शिताहळदीसकट, आणि त्याच्या हातात दिला. "घरी ने. मायले दे. तिले सांग कायचा हाये ते. खरं सांगजो."

परत येताना त्यानं मला वहीत एक शब्द लिहायला सांगितला. लाजला. मी म्हटलं, हा शब्द या वहीत कशाला? तो म्हणाला, "लिवा. मागून काय येते ते मी पाह्यलं." मी लिहिलं. भरलेल्या शेवटच्या पानावर जागा थोडी होती, तेवढ्यात मावला.

नंतरचं थोडक्यात सांगतो. नत्थुजी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पुढच्या मोसमात अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याला दुभाषी म्हणून बोलावलं. मी एकदा अकोल्याला गेलो असता त्याला काम करताना पाहिलं. साहेब ओरडत होता आणि पुंजाराम ते ओरडणं अथपासून इतिपर्यंत, शिव्यांसकट, वऱ्हाडीत सांगत होता. मग शेतकरी ओरडला, तेही त्यानं तसंच्या तसं इंग्रजीत पोचवलं. दोघंही त्याच्यावर चिडले होते. मी विचारलं, "मंधात पाणी टाकणं सोडलंस?" तो म्हणाला, "ज्याच्यात पाणी टाकत होतो ते बोल माहे नव्हते, मास्तर." तिथं तो दोन मोसमही टिकला नाही. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती, भाव कोसळला होता, आणि परकोटाबाहेरच्या अर्ध्या वखारींना कुलपं लागली होती. दुभाष्याचं काम कोणाला उरलं नव्हतं.

त्याचा अस्वस्थपणा मात्र गेला नाही. आम्ही भेटलो की तो अजूनही उभ्यानं बोलतो. वहीची कोरी पानं त्यानं बियाणं पेरल्याच्या तारखांसाठी वापरली, बायकोकडून लिहवून घेऊन. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. मैनाबाईच्या घरून दर साली पहिल्या वेचणीनंतर त्याच्याकडे बोटभर कापूस येतो. मैनाबाई वारल्यावरही येतो, तिची सून पाठवते.

पुंजाराम आज सत्तावन्न वर्षांचा आहे. तो चांदूर रेल्वेला राहतो. स्टेशनामागे त्याचा दीड एकराचा मळा आहे, आणि या साली त्यात वांगी आणि मेथी आहे.